गणिताची शिकवणी लावण्यापूर्वी वही पाहा

जून महिना उजाडला की आमच्या वस्तीतील विजेचे खांब, पाण्याची टाकी, एवढेच काय सार्वजनिक संडासाची भिंतसुद्धा क्लासच्या जाहिरातींनी भरून जाते. "दहावी गणित, १०० टक्के निकाल", "गणिताची भीती घालवा, फक्त ३० दिवसांत", आणि खाली टाय लावलेल्या मुलामुलींचे फोटो. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही बाहेर पडत होतो, तेव्हा पलीकडच्या चाळीतील एका ताईने आम्हाला थांबविले. नवरा वारल्यापासून चार घरची धुणीभांडी करून घर चालविणारी ही बाई. मुलगी आठवीतून नववीत गेली होती आणि गणितात जेमतेम काठावर होती.

"जयभीम दादा," ती म्हणाली, "तुम्ही ऑफिसात कामाला, शिकलेले. यातला चांगला क्लास कोणता तेवढं सांगा. मला यातलं काही कळत नाही."

तिच्या हातात तीन कागद होते. पहिला स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासचा, वर्षाला २०,००० रुपये. दुसरा हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची झेरॉक्स. मागच्या गल्लीत राहणारी एक बी.एस्सी. झालेली मुलगी घरीच आठ जणांना शिकविते, महिना ६०० रुपये. तिसरा कागद टॅबवर शिकविणाऱ्या एका कंपनीचा. पैसे आत्ता द्यायचे नाहीत, दर महिन्याला बँकेतून हप्ता जाईल, असे तो विक्रेता सांगून गेला होता.

आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही. याचे कारण, या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्लेली आहे. ती हकीकत सांगावयास संकोच वाटतो, पण सांगतो.

आमचा मुलगा नववीत गेला तेव्हा आम्हीही असेच एक फ्लेक्स पाहून भुललो. ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि वर्षाची फी एकदम भरली. मुलगा रोज संध्याकाळी न चुकता जायचा. वही तर अशी सुंदर की पाहत राहावे. समास आखलेला, अक्षर मोत्यासारखे, एकही खाडाखोड नाही. आम्ही ती वही पाहुण्यांना दाखवीत असू. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि बीजगणितात ४० पैकी ९ गुण आले.

त्या रात्री आम्ही त्याला जवळ बसवून दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश ही साधी बेरीज करावयास सांगितली. त्याने लिहिले पाच सप्तमांश. वरचे वरच्यात मिळविले, खालचे खालच्यात. सहावीतला अपूर्णांक त्याला आला नव्हता आणि नववीची बहुपदी तो सुंदर अक्षरात उतरवून आणीत होता! ७० मुलांच्या खोलीत सर फळ्यावर गणित सोडवीत आणि मुले ते वहीत उतरवून घेत. त्याला येत नाही हे तेथे कोणाला कळले नाही. आणि बी.कॉम. झालेल्या बापालाही कळले नाही, कारण बापाने वहीचे अक्षर पाहिले, गणित पाहिलेच नाही. उरलेल्या महिन्यांची फी मागावयास गेलो तर पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली ओळ दाखविण्यात आली: "फी परत मिळणार नाही."

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की, क्लास निवडावयाचा तर निकालाच्या फलकावरून निवडू नये, वहीवरून निवडावा. ज्या वहीत चूक नाही ती वही फळ्यावरून उतरवलेली असते. ज्या वहीत मुलाने चुकीचे उत्तर काढले आहे, शिक्षकाने त्या नेमक्या पायरीला लाल गोल केला आहे आणि खाली मुलाने तेच गणित पुन्हा सोडविले आहे, तेथे शिकवणी चालू आहे असे समजावे. हे पाहण्यासाठी आईबापांना गणित यावे लागत नाही. लाल शाई आणि खाडाखोड कोणालाही दिसते. क्लासमध्ये आधीपासून जाणाऱ्या शेजारच्या मुलाची वही मागून घ्यावी आणि चाळावी.

मात्र त्याआधी आपले मूल कोठे अडले आहे ते पाहिले पाहिजे. आम्ही विहारातील अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना पाच गणिते देतो. वर सांगितलेली अपूर्णांकांची बेरीज. उणे ३ मधून ५ वजा करा (बहुतेक मुले "मायनस मायनस प्लस" म्हणत ८ लिहितात; उत्तर उणे ८ आहे). ४५० रुपयांच्या शर्टावर शेकडा २० सूट असेल तर किती द्यावे लागतील. एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले तर २० होतात, ती संख्या कोणती. आणि एक आकृती, ज्यात त्रिकोणाचे दोन कोन दिलेले असतात व तिसरा काढावयाचा असतो. नववीच्या मुलाला यांतील तीन आली नाहीत तर त्याला नववीची शिकवणी नको आहे, सहावी-सातवीची हवी आहे. दहावीला वर्गसमीकरणाचे सूत्र मुले घडाघडा म्हणतात, पण सूत्रात किमती घालताना उणे चिन्हाशी गाठ पडली की घसरतात. दोष सूत्राचा नसतो. म्हणून क्लासच्या शिक्षकाला पहिला प्रश्न हा विचारावा: "माझ्या मुलाला मागचे येत नाही, तुम्ही मागे जाऊन शिकवाल का?" जो म्हणेल "आमचा पोर्शन ठरलेला आहे," त्याला नमस्कार करून परत यावे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे भाग १ म्हणजे बीजगणित ४० गुणांचे आणि भाग २ म्हणजे भूमिती ४० गुणांची, अशा दोन लेखी परीक्षा असतात. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, आणि ते शाळेच्या हातात असतात. "क्लास आहे ना, मग शाळेत नाही गेला तरी चालेल" असे म्हणणाऱ्या पालकांनी हे २० गुण लक्षात ठेवावेत. बीजगणित आणि भूमितीला सारखेच गुण असूनही अनेक क्लासमध्ये भूमितीला आठवड्याचा एखादा दिवस मिळतो आणि त्या दिवशी "महत्त्वाची" प्रमेये पाठ करून घेतात. समरूपता, वर्तुळ, भौमितिक रचना हे पाठांतराचे धडे नव्हेत. मुलाच्या कंपासपेटीकडे पाहावे. कंपासच्या पेन्सिलीला टोक नसेल तर भूमिती चालू नाही! बीजगणितातील अर्थनियोजनाचा धडा, म्हणजे जीएसटी आणि शेअर्स, आम्ही मुलाला घरी शिकवू शकलो. भूमितीत मात्र आम्ही स्वतःच कच्चे, म्हणून मदत घ्यावी लागली.

आणखी एक अडचण आपल्या घरांत वारंवार दिसते, ती भाषेची. शाळा मराठी माध्यमाची, पण गणित आणि विज्ञान सेमी-इंग्रजीत. क्लासमधील सर मात्र लसावि, समरूप त्रिकोण, चक्रीय चौकोन असे शिकवितात. मूल शाळेत एलसीएम आणि सिमिलर ट्रँगल्स ऐकून आलेले असते. दोन्हीकडे तेच चालू आहे हे त्याला कळत नाही, आणि विचारावयाची लाज वाटते. शिकवणीत दोन्ही नावे सांगतात का, हे आधी विचारावे. पुस्तक कोणते वापरतात हेही विचारावे. बालभारतीच्या पुस्तकातील सरावसंच आणि प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडून जो क्लास केवळ स्वतःच्या नोट्सवर चालतो, तेथे आम्ही तरी मूल पाठविणार नाही. पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आता पैशांविषयी. फी महिन्याची द्यावी, वर्षाची एकदम देऊ नये, आणि पावती घ्यावी. "फी अधिक १८ टक्के जीएसटी" असे कोणी म्हटले तर पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या क्लासला नोंदणी घ्यावी लागत नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर वसूल करता येत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० पेक्षा जास्त मुले असलेल्या सेंटरने १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची हमी देऊ नये, पूर्ण फी भरलेल्या मुलाने मध्येच सोडले तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे त्यात म्हटले आहे. या सूचना राज्यांनी अमलात आणावयाच्या आहेत, त्यामुळे त्यांचा कागद दाखविला की लगेच पैसे हातात पडतील अशा भ्रमात राहू नये. तरीपण बोलताना त्यांचा उल्लेख अवश्य करावा. समोरचा जरा सरळ बसतो. आणि टॅबच्या हप्त्याविषयी एवढेच, की "हप्ता बँकेतून जाईल" याचा अर्थ बहुधा तुमच्या नावावर कर्ज निघणार असा असतो. मूल कंटाळले तरी हप्ता थांबत नाही. घरात एक शिकलेले माणूस बसवून कागद वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.

मोठे क्लास सगळेच वाईट असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाचा पाया पक्का आहे आणि ज्याला केवळ वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडविण्याचा सराव हवा आहे, त्याला तेथे फायदा होतो. पण आपल्या वस्तीतील किती मुलांची ही अवस्था आहे?

धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग आहे. शिक्षकांनी उदाहरण सोडविण्यासाठी भीमरावांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गिल्ला केला. हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांत अनेकदा ऐकतो. आमचे लक्ष मात्र हल्ली दुसऱ्या गोष्टीकडे जाते. त्या शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले होते. आज डबे कोणी हलवीत नाही, पण फी थकलेले, शेवटच्या बाकावरचे मूल वर्षभरात एकदाही फळ्यापाशी जात नाही.

आमच्या मुलाला पुढे आमच्या अभ्यासिकेतीलच एका कॉलेजच्या मुलीने शिकविले. तिने सहावीचे पुस्तक काढले तेव्हा तो रडकुंडीला आला होता. दहावीला त्याला गणितात ५८ मिळाले. त्या मुलीला महिना १,००० रुपये मानधन द्यावे असा विषय आम्ही विहाराच्या बैठकीत मांडला, तर "पैसे कुठून आणायचे?" असा प्रश्न आला. हा प्रश्न डीजेच्या वेळी कोणी विचारला नव्हता. असो. आमच्या धाकट्या मुलीच्या वाट्याला मात्र शिकवणी आलीच नाही. भावावर खर्च झाला होता, म्हणून "तुझे पुढे बघू" असे आम्हीच म्हणालो. ती भावाच्या शेजारी बसून ऐके आणि त्याच्या आधी उत्तर देई. मुलीची शिकवणी पुढे ढकलणाऱ्या घरांत आमचेही घर होते, हे येथे नोंदवितो.

त्या ताईला आम्ही एवढेच सांगितले, की कागद बाजूला ठेव. दोन्ही क्लासमध्ये मुलीला एकेक दिवस बसवून बघ, आणि तूही दाराशी बस. तुला गणित कळायला नको. तुझ्या मुलीला किती वेळा उभे केले आणि ती चुकल्यावर काय झाले, एवढे मोज.

आठवड्याने ती भेटली. मोठ्या क्लासने तिला आत बसू दिले नाही. ती जिन्यात बसली. काचेतून दिसत होते. "दीड तासात तिला एकदाही उभं केलं नाही दादा. ती नुसती लिहीत होती."

"आणि त्या मुलीकडे?"

"तीनदा उभं केलं. दोनदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली तेव्हा सगळी पोरं हसली, तर ती पोरगी त्यांना म्हणाली, हसणाऱ्यांनी या फळ्यावर. कुणी गेलं नाही." ताई हसली. मग म्हणाली, "पगार चारी घरचे सात तारखेपर्यंत होतात. फी दहा तारखेला दिली तर चालेल का म्हणून विचारलं. हो म्हणाली."