मटक्याची परिभाषा : गिरणगावातील अंकजुगाराच्या शब्दसंपत्तीचा परिचय

प्रस्तावना

प्रत्येक जुगाराची स्वतःची एक बोली असते. पोकर या पाश्चात्त्य खेळातील चेक, कॉल, रेझ, फोल्ड, ब्लफ हे शब्द आता इंग्रजी वृत्तपत्रांच्या राजकीय मथळ्यांतही सर्रास दिसतात. आपल्याकडील तीन पत्तीतही चाल, ब्लाइंड, शो, पॅक अशी नेमकी परिभाषा आहे आणि गणपतीच्या जागरणात पत्त्यांचा डाव रंगलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती परकी नाही. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी, दादर या पट्ट्यात, मात्र या सर्वांहून अधिक विस्तारलेली जुगाराची परिभाषा निर्माण झाली ती मटक्याची. गुन्हेगारीचा विषय म्हणून मटक्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या भाषेकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले आढळते. वास्तविक ही परिभाषा म्हणजे एका शहराच्या आर्थिक इतिहासाचे एकावर एक साचलेले थर आहेत, आणि त्या थरांखाली एक गणितही दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या परिभाषेतील प्रमुख संज्ञांचा अर्थ, उगम व त्यांमागील हिशोब यांचा विचार केला आहे.

ओपन आणि क्लोज : कापसाचा थर

मटक्याचा निकाल दिवसातून दोनदा लागतो. पहिला ‘ओपन’, दुसरा ‘क्लोज’. हे दोन शब्द कोठून आले याचे उत्तर काळबादेवीच्या कापूस बाजारात सापडते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दररोज उघडताना व बंद होताना जे भाव निघत, ते तारेने मुंबईस कळविले जात. व्यापाऱ्यास त्या भावाची आवश्यकता सौद्यासाठी होती. परंतु बाजाराच्या आसपास वावरणाऱ्या हमाल, दलाल, गुमास्ते व छोट्या दुकानदारांना सौदे करण्याची ऐपत नव्हती. ते भावाच्या आकड्यांवरच पैज लावू लागले. कापसाची गासडी न पाहता, न विकता, न घेता केवळ तिच्या भावातील अंकावर पैसे लावणे, हे या जुगाराचे मूळ रूप होय.

कायद्यानेही या प्रकाराची दखल फार पूर्वीच घेतलेली दिसते. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना कापूस, अफू वा अन्य जिनसांच्या बाजारभावावर, इतकेच नव्हे तर तो भाव सांगणाऱ्या संख्येतील अंकांवर खेळल्या जाणाऱ्या जुगाराचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच व्याख्येत पाऊस पडेल की नाही यावरील पैजेचाही समावेश आहे. कायद्याची भाषा बहुधा रूक्ष असते, पण येथे तिने शहराच्या सवयींची नोंद चांगलीच जपून ठेवली आहे.

न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावांचा हा आधार १९६१ मध्ये संपला. खेळ मात्र संपला नाही. काल्पनिक जिनसांचे उघडते व बंद होते भाव काढण्याची युक्ती निघाली, आणि ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे शब्द आपला मूळ पदार्थ, म्हणजे कापूस, हरवूनही टिकून राहिले. शेअर बाजारात व कापूस बाजारात हिशोब चुकता करण्याला ‘वलण’ म्हणत. हा शब्दही सट्ट्याच्या व्यवहारात असाच उतरला. बुकीच्या कचेरीस ‘पेढी’ म्हणण्यामागेही बाजाराचीच प्रतिष्ठा उसनी घेण्याचा भाग असावा.

मटका : मडक्याचा थर

‘मटका’ या शब्दाचा अर्थ उघड आहे. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून त्यांतून एक चिठ्ठी काढावयाची, ही यातील दुसरी अवस्था. कच्छहून मुंबईस आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये न्यू वरळी मटका काढला. दोघांचेही निधन झाले आहे. खत्री २०२० च्या मे महिन्यात वारले. चिठ्ठ्यांच्या जागी लवकरच पत्ते आले, मडके अडगळीत गेले, आणि तरीही नाव ‘मटका’च राहिले. एखाद्यास अनपेक्षित धनलाभ झाला की ‘त्याला मटका लागला’ असे आजही मराठीत सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी मडकेही नसते आणि कापूसही नसतो.

अंक, पाना, जोडी : पत्त्यांचा थर

आता मुख्य परिभाषेकडे वळणे योग्य ठरेल. पत्त्यांच्या जोडातील राजा, राणी, गुलाम बाजूला ठेवावयाचे. उरलेल्या चाळीस पानांतून तीन पाने काढावयाची. एक्क्याची किंमत एक, दुर्रीची दोन याप्रमाणे नव्वीपर्यंत, आणि दश्शीची किंमत शून्य. समजा सत्ती, दश्शी आणि चौथ्या किमतीचे पान निघाले. या तीन अंकांच्या समूहास ‘पाना’ किंवा ‘पत्ती’ म्हणतात. बेरीज झाली अकरा. तिचा एकक स्थानचा अंक एक. हा झाला ओपनचा ‘अंक’ अथवा ‘आकडा’. काही तासांनी पुन्हा तीन पाने काढली. दोन दुर्र्या व एक नव्वी आली. बेरीज तेरा, म्हणून क्लोजचा अंक तीन. ओपन व क्लोजचे अंक शेजारी ठेवले की तेरा ही ‘जोडी’ मिळते. तिलाच ‘ब्रॅकेट’ असेही नाव आहे. त्या दिवसाचा संपूर्ण निकाल ४७०-१३-२२९ असा लिहिला जातो.

येथे एक बारीक गोष्ट नजरेत भरते. पाना नेहमी चढत्या क्रमाने लिहितात, परंतु शून्य मात्र प्रारंभी न येता अखेरीस येते. ०४७ असे कोणी लिहीत नाही, ४७० असेच लिहितात. गणिताच्या अध्यापकास हे विचित्र वाटेल. पण ते शून्य मुळात शून्य नसून दश्शी आहे, आणि दश्शी नव्वीच्या पुढचे पान आहे, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते. बोलीत या शून्यास ‘मिंडी’ म्हणतात. गुजरातीत शून्यास ‘मींडुं’ म्हणतात हे लक्षात घेता हा शब्द गुजरातीभाषक पेढ्यांकडून आला असणे स्वाभाविक आहे.

तिन्ही अंक भिन्न असतील तर ‘सिंगल पाना’, दोन सारखे असतील तर ‘डबल पाना’, तिन्ही सारखे असतील तर ‘ट्रिपल पाना’. लिहिताना यांची एसपी, डीपी, टीपी अशी संक्षिप्त रूपे होतात. सिंगल पाने १२०, डबल ९० आणि ट्रिपल १०, अशी एकूण २२० पाने संभवतात. दहा अंकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला नेमकी २२ पाने येतात : बारा सिंगल, नऊ डबल, एक ट्रिपल. ही वाटणी कोणी मुद्दाम आखलेली नाही. पान्यातील प्रत्येक अंक एकाने वाढविला की बेरीज तीनने सरकते, आणि तीन व दहा यांत सामाईक विभाजक नसल्यामुळे असे सरकत गेल्यास सर्व दहा अंकांना समान भेट दिली जाते. याचा व्यावहारिक अर्थ असा की पत्ते प्रामाणिकपणे पिसले असतील तर कोणताही अंक दुसऱ्या अंकाहून अधिक ‘लागण्याजोगा’ नसतो.

याखेरीज ‘संगम’ ही संज्ञा आहे. ओपनचा पाना व क्लोजचा अंक एकत्र सांगणे म्हणजे ‘हाफ संगम’ आणि दोन्ही पाने सांगणे म्हणजे ‘फुल संगम’. अलाहाबादच्या संगमाचे पावित्र्य येथे कोणी आणले, हे सांगणे कठीण असले तरी शब्दाची निवड मार्मिक आहे यात शंका नाही.

माणसांची नावे

खेळणारा तो ‘पंटर’, त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहून घेणारा ‘रायटर’ आणि पैसे स्वीकारणारा ‘बुकी’. एखाद्या अंकावर फार रक्कम जमली की बुकी तिचा काही भाग मोठ्या पेढीवर उतरवून आपली जोखीम हलकी करतो. यास ‘कटिंग’ म्हणतात. यांपैकी ‘पंटर’ या शब्दाचा अर्थविस्तार लक्षणीय आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ पैज लावणारा. मुंबईच्या बोलीत तो एखाद्या दादाच्या मागे फिरणारा हरकाम्या, असा झाला. पैज लावणारा माणूस हळूहळू दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालणारा माणूस कसा बनतो, याचे हे अर्थविस्तारातील उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे.

अभ्यासाची भाषा

पोकरची परिभाषा आणि मटक्याची परिभाषा यांत एक मूलभूत भेद आहे. पोकरमधील बहुतेक शब्द खेळाडूच्या कृतीचे आहेत. तो बोली वाढवितो, पाने टाकून देतो, थाप मारतो. मटक्यात एकदा चिठ्ठी लिहून दिली की पंटरास करण्यासारखे काहीच उरत नाही. त्यामुळे येथील शब्द क्रियेचे नसून अंकांच्या नात्यांचे आहेत. एक व सहा, दोन व सात, तीन व आठ, चार व नऊ, पाच व शून्य या परस्परांच्या ‘कट’ समजल्या जाणाऱ्या जोड्या. एका जोडीतील अंकांच्या जागी त्यांचे कट ठेवून व क्रम उलटवून मिळणारा समूह म्हणजे ‘फॅमिली’. तेराच्या फॅमिलीत १३, १८, ६३, ६८, ३१, ३६, ८१, ८६ ही आठ भावंडे येतात. ज्या जोडीत दोन्ही अंक सारखे असतात किंवा परस्परांचे कट असतात ती ‘लाल जोडी’, कारण निकालांच्या तक्त्यात ती लाल शाईने छापतात. या तक्त्यास ‘चार्ट’ म्हणतात, आणि तो वाचण्यास ‘अभ्यास’.

अभ्यास हा शब्द येथे गंभीरपणे वापरला जातो. लाल जोडी दहा दिवस आली नाही, तेव्हा ती आता येणारच, असा तर्क मांडला जातो. शंभर जोड्यांपैकी लाल जोड्या वीस आहेत, म्हणजे सरासरी पाच दिवसांतून एकदा ती दिसणारच. दहा दिवस न दिसल्याने अकराव्या दिवशी तिची संभाव्यता वाढत नाही, कारण पत्त्यांना स्मरणशक्ती नसते. स्वप्नात दिसलेला साप किंवा बसच्या पाटीवरील क्रमांक यांवरून आकडा काढणारा आणि चार्टवरून काढणारा यांत गणिताच्या दृष्टीने काहीच फरक नाही. फरक असलाच तर तो प्रतिष्ठेचा आहे.

भाव आणि वास्तव

अंक लागला तर रुपयास ९ रुपये आणि जोडी लागली तर ९० रुपये, हा सर्वत्र रूढ असलेला ‘भाव’. दहांपैकी एक व शंभरांपैकी एक अशी शक्यता असल्याने दोन्हींत पेढीचा वाटा शेकडा दहा राहतो. पान्यांचे भाव पेढीगणिक बदलत. सामान्यतः सिंगल पान्यास १४०, डबलला २८० आणि ट्रिपलला ६०० असे ते सांगितले जातात. ऐकणाऱ्यास हे चढते आकडे औदार्याचे वाटतात. चाळीस पानांतून तीन पाने निवडण्याचे प्रकार ९,८८० होतात. एखादा विशिष्ट सिंगल पाना येण्याचे प्रकार ६४, डबलचे २४ आणि ट्रिपलचे अवघे ४. म्हणजे शक्यता अनुक्रमे सुमारे १५४, ४१२ व २,४७० यांत एक. सिंगल पान्यावर पेढीचा वाटा अंकाइतकाच आहे. डबलवर तो जवळजवळ एकतृतीयांश होतो आणि ट्रिपलवर तीनचतुर्थांश. वर्षातून ३०० दिवस रोज एक रुपया अंकावर लावणाऱ्याच्या हाती सरासरीने २७० रुपये परत येतात. तोच रुपया ट्रिपल पान्यावर लावणाऱ्यास सुमारे ७३. भाव जितका मोठा तितका सौदा वाईट, ही गोष्ट मटक्याच्या एवढ्या मोठ्या शब्दसंग्रहात एकाही शब्दाने सांगितलेली नाही.

हा हिशोब कोणाच्या खिशातून होत होता, हे विसरून चालणार नाही. गिरणीतील बदली कामगार रोज सकाळी दरवाजाशी उभा राही. आज काम मिळेल की नाही, हे त्याच्या हाती नसे. कोकणातून व घाटावरून आलेले असे कामगार दाटीने एकेका खोलीत राहत, खानावळीत जेवत आणि उरलेले गावी पाठवीत. ज्याच्या रोजगारातच आकडा लागण्या-न लागण्याचा गुण होता, त्यास चार-आठ आण्यांची चिठ्ठी वेडेपणाची वाटली नसेल तर नवल नाही. त्याच्या नीतीवर टीका करणाऱ्यांनी हेही पाहावयास हवे होते की रात्रीचा ओपन-क्लोज हा पाळी संपलेल्या माणसाच्या घड्याळाशी जुळणारा होता, आणि रायटर नाक्यावरच्या पानपट्टीजवळच भेटत असे. बँकेची बचत खिडकी त्या वेळी बंद असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बहुतेक गिरण्या पुढे पूर्ववत चालू झाल्याच नाहीत. पगाराचा दिवस नाहीसा झाला तसा परळ-लालबागच्या नाक्यांवरील चिठ्ठ्यांचा व्यवहारही ओसरत गेला. १९९० च्या दशकातील पोलिसी कारवायांनी उरलेले मोडले. गिरण्यांच्या जागी कार्यालये व उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या.

परिभाषा मात्र जागा बदलून मोबाइलच्या पडद्यावर पोहोचली आहे. तेथे कापूस नाही, मडके नाही, पत्ते पिसणारा कोणी डोळ्यांसमोर नाही. तरीही निकाल ओपन-क्लोजनेच सांगितले जातात, आणि पाना लिहिताना शून्य अजूनही नवाच्या पुढे ठेवले जाते.