पाणवठा, मचाण आणि हरणांची शिकार

पनवेलजवळच्या रोडपालीच्या इमारतींपासून कर्नाळ्याचं रान फार लांब नाही. १९६८ साली पक्ष्यांसाठी राखलेल्या त्या अभयारण्यात भेकरही राहतं. आज त्याच्यावर बंदूक रोखणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा. तरीही शिकारीच्या काळातला एक जुना वाद पुन्हा तपासण्यासारखा आहे: हरणाची शिकार पायी माग काढत करावी की मचाणावर बसून? पायी हिंडणारा तो खरा शिकारी आणि मचाणावरचा आयतोबा, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. मला तो पटत नाही. शिकारी जमिनीपासून किती हात वर बसला, यापेक्षा त्याने बसायला कोणती जागा निवडली याला कितीतरी जास्त महत्त्व आहे.

आधी पायी शिकारीचं बघू. सांबर नाकावर आणि कानांवर जगतं. वारा माणसाकडून जनावराकडे वाहू लागला की शिकार तिथेच संपली. डोंगरउतारावर ऊन चढलं की हवा वर सरकते, संध्याकाळी गारवा पडला की खाली उतरते. हे न कळणाऱ्याला रानात शिंगसुद्धा दिसायचं नाही. त्यात उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानांचा चुरचुराट. पायी गेलेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो, आणि ही अनिश्चितताच जनावराचं संरक्षण असते. पण जेव्हा गोळी सुटते तेव्हा काय होतं? बिचकलेलं, पळतं, झुडपाआड अर्धं लपलेलं जनावर समोर असतं. गोळी पोटात किंवा मांडीत बसते आणि ते दाट रानात शिरून तडफडत मरतं. मचाणावरच्या माणसाचा वास पुष्कळदा वरच्या वर निघून जातो. खालचं हरीण निर्धास्त, आडवं उभं असतं, म्हणून नेम खांद्यामागे नीट धरता येतो. शिवाय चुकलेली गोळी खाली मातीत रुतते. जनावराच्या वेदनेचा आणि आसपासच्या माणसांच्या जिवाचा हिशेब मांडला तर मचाणाचं पारडं जड आहे, हे मान्य करावं लागतं. स्वतः शिकाऱ्याला मात्र ते तितकं सुरक्षित नाही. अमेरिकेत झाडावरच्या बैठकीवरून पडून शिकारी दरवर्षी जायबंदी होतात.

विदर्भातल्या रानात चितळ आणि वानर यांची सोबत प्रसिद्ध आहे. वानर झाडावरून लांबवर बघतं, चितळ खालून वास घेतं, आणि दोघंही एकमेकांच्या इशाऱ्यावर सावध होतात. वरून आणि खालून रान वेगवेगळं कळतं, ते असं. जर्मनीत शेतांच्या कडेला लाकडी मचाणं जागोजाग दिसतात, तर स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर तांबड्या हरणामागे सरपटत जातात. दोन्हीकडे शिकारीचे संकेत कडक आहेत. फरक भूमीचा आहे.

मचाण बदनाम झालं ते पाणवठ्यामुळे. वैशाखात ओढे आटले की हरणाला उरलेल्या डबक्यावर यावंच लागतं. तिथे वर बंदूक घेऊन बसणं म्हणजे तहानेचा फायदा घेणं. हाक्यात तर मचाणाची दयाही उरत नाही, कारण हाकाऱ्यांनी उठवलेलं जनावर जिवाच्या आकांताने पळत असतं. फणसाडचं जंगल जंजिऱ्याच्या नवाबांचं राखीव शिकारीचं रान होतं. संस्थानी शिकारीचा सगळा थाट मुळात नेम हमखास लागावा यासाठीच असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकारीला वाव होता, पण त्यातही पाणवठ्यावर, खारी माती चाटण्याच्या जागी, वाहनातून किंवा कृत्रिम उजेडात शिकार करायला मनाई होती. कायदा करणाऱ्यांना अन्याय कुठे होतो ते नेमकं दिसलं होतं. १९९१च्या दुरुस्तीने ती परवान्याची वाटही बंद केली.

यावर कोणी म्हणेल, जमिनीवरची शिकार तरी कुठे न्याय्य होती? खरं आहे. पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने काळविटाजवळ जात आणि फास लावत. कोल्हापूर संस्थानात चित्ता बैलगाडीतून नेऊन काळविटावर सोडत, कारण काळवीट गाडीला बुजत नसे. जनावराचा विश्वास किंवा गरज हत्यार म्हणून वापरली की जमीनही मचाणाइतकीच निर्दय ठरते. फरक एवढाच की दरबारी शिकारीला वैभव म्हटलं गेलं आणि पोटासाठी फास लावणाऱ्यांच्या जमातींवर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा अन्याय हरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही विसरू नये.

बंदूक गेली तरी बसायचं कुठे हा प्रश्न उरला. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणांतून रात्रभर प्राणी मोजण्याची प्रथा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालली. पण तिथे पाण्यावर आलेलंच जनावर दिसतं. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर मोजलं जातं, आणि झाडोऱ्यात एकटंदुकटं फिरणारं भेकर निसटतं. म्हणून व्याघ्रगणनेत तृणभक्ष्यांसाठी ठरलेल्या रेषेवरून पायी चालत, दिसलेल्या प्राण्याचं अंतर मोजण्याची पद्धत आली. मचाणावरची ती रात्र आता ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे. सामान्य माणसाला रान दाखवायला ती चांगली, असं तिचे समर्थक म्हणतात, आणि मलाही ते मान्य आहे. मात्र ऐन उन्हाळ्यात शेवटच्या पाण्यावर माणसांची वर्दळ नको. ते मचाण पाण्यापासून हटवून येण्याजाण्याच्या वाटेवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधावं.

शेतातला राखणीचा माळा मात्र हवाच, असं माझं मत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी वनखातं देऊ शकतं. पनवेलच्या पट्ट्यात शेत आणि वस्ती यांत आता एका बांधाचं अंतर राहिलं आहे. इथे परवानगीने गोळी झाडायचीच वेळ आली, तर ती जमिनीवर उभं राहून आडवी झाडण्यापेक्षा माळ्यावरून, नळी खाली मातीकडे धरूनच झाडली पाहिजे.