शहाण्यांचा गाव आणि फुटका बांध

मूर्खपणा म्हणजे बुद्धीचा अभाव, अशी एक सोयीची समजूत आपण बाळगून आहोत. सोयीची अशासाठी, की मग तो दोष नेहमी दुसऱ्याच्याच पदरात घालता येतो. मांडवी-जुवारीच्या काठची खाजन शेते पाहिली म्हणजे ही समजूत टिकत नाही. तेथे बुद्धीचा दुष्काळ कधीच नव्हता.

चिखल, दगड आणि पेंढा यांचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी खारे पाणी थोपविले आणि त्या बांधांत मानस बसविली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या लोटाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आत खारवट जमिनीत तगणारे कोरगुट भात पिके. कुर्ल्या बांधाला बिळे पाडतात. ती वेळीच बुजविली नाहीत, तर एखाद्या मोठ्या भरतीला शेत गेलेच म्हणून समजावे. गावकरीचा दंडक असा, की बांधाचा आणि देवस्थानाचा खर्च आधी, उत्पन्नाची वाटणी मागाहून.

ते गावकार साधुपुरुष होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. माणूस आळशी आणि लोभी आहे हे ते पुरते ओळखून होते, म्हणूनच तर दंडक घातला. शिवाय ज्यांच्या घामावर ती शेते उभी होती, त्या कुळांना आणि मुंडकारांना गावकरीच्या बैठकीत स्थान नव्हते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती न्याय्यच होती. परंतु जमीन कसणाराची झाली आणि बांध सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नाही, असा झाला. कागदोपत्री ती जबाबदारी कूळ संघांवर आली, इतकेच.

पुढे मासळीचा भाव चढला. भाताच्या एका पिकापेक्षा मानशीची पावणी अधिक देते, हे कळायला पंडित लागत नाही. मग भरतीच्या वेळी दारे उघडी राहू लागली. काही ठिकाणी तर बांध मुद्दाम फोडले गेले. पावणी घेणाऱ्याचा हिशेब चोख, पडीक शेत बिल्डरला दाखविणाऱ्याचाही चोख. सरकार बांध बांधून देईल म्हणून स्वस्थ बसलेला शेतकरीही आपल्या परीने शहाणाच! आत मुरलेल्या पाण्यात दरम्यान खारफुटी माजते, तिला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे ती तोडून पुन्हा शेत करणे दुरापास्त होते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणीही मचूळ होऊ लागते. त्या शेजाऱ्याने ना पावणी घेतलेली असते, ना बांध फोडलेला असतो.

गावकरी परत आणा, असे आम्ही सुचवीत नाही. तिच्यातला अन्याय परत यावा असे कोणाला वाटेल? तिचा एक दंडक मात्र उचलण्यासारखा आहे. येत्या पावणीचे पैसे वाटण्यापूर्वी बांधासाठी किती बाजूला काढले, हा प्रश्न कूळ संघाच्या बैठकीत किती जण उभे राहून विचारतात, हे आम्हांस पाहावयाचे आहे.