कमानदार तबलीची गिटार व तींतील चिठ्ठीचें प्रामाण्य

हस्तलिखिताचा काळ ठरवितांना केवळ पुष्पिकेवर भिस्त ठेवूं नये, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. नक्कल करणारा मूळ पोथींतील शकासह पुष्पिका उतरून घेतो, आणि मागाहूनची प्रत जुनी म्हणून मिरवते. हाच न्याय एका पाश्चात्य वाद्यास लावण्याचा प्रसंग नुकताच मजवर आला. संग्राहकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून त्याची हकीकत येथें देतों.

परदेशीं असणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें विक्रीस निघालेल्या एका जुन्या गिटारीचीं छायाचित्रें पाठवून तिच्या काळाविषयीं विचारलें. वाद्य गिब्सन कंपनीचें, ‘एल-५’ या जातीचें. आंतील चिठ्ठीवर लॉइड लोअर याची सही व १९२४ ची मिति. किंमतहि त्या सहीस साजेशी. विद्यार्थी आपली बहुतेक शिल्लक तींत घालावयास निघाला होता.

प्रथम या जातीविषयीं. साध्या गिटारीची वरची फळी, म्हणजे आपल्या सतारकारांच्या भाषेंत तबली, सपाट असते. हिची तबली व्हायोलिनप्रमाणें जाड लाकडांतून कोरून कमानदार केलेली असते. ही कोरीव घडण मँडोलिन व गिटार यांस लावणारा कारागीर ऑर्व्हिल गिब्सन होय. त्यास मँडोलिनीचें पेटंट १८९८ मध्यें मिळालें, व त्याच्या नांवाची कंपनी अमेरिकेंतील कॅलमाझू येथें १९०२ मध्यें निघाली. रोमन ‘एफ्’ अक्षराच्या आकाराचीं दोन छिद्रें तबलीवर असलेली या कंपनीची पहिली गिटार म्हणजे १९२२ मधील एल-५. लोअर हा त्या वेळीं तेथें ध्वनिशास्त्राचा जाणकार म्हणून होता. वरच्या दर्जाच्या वाद्यांत, तपासून पसंत केल्याची चिठ्ठी त्याच्या सहीनें व मितीनें लावीत. १९२४ च्या अखेरीस तो कंपनी सोडून गेला. त्यामुळें सहीचीं वाद्यें थोडीं व त्यांचें मोल फार.

आतां अंतर्गत पुरावा पाहूं.

(१) पडद्यांमधील खुणा. लोअरच्या काळीं त्या ठिपक्यांच्या होत्या; शिंपल्याचे चौकोनी तुकडे १९२९ च्या सुमारास आले. प्रस्तुत वाद्यांत चौकोन आहेत. परंतु पडद्यांची पट्टी मागाहून बदलतां येते, म्हणून एवढ्यावरून निर्णय करणें युक्त नव्हे.

(२) रुंदी. लोअरच्या काळांतील एल-५ सोळा इंच रुंद. १९३४-३५ च्या सुमारास ती १७ इंच झाली. विकणाऱ्याकडून माप मागविलें, तें १७ इंच आलें. पट्टी बदलेल, पण वाद्याचें अंग रुंद होणार नाहीं.

(३) कारखान्याचा घडण-क्रमांक. हा घडणीच्या आरंभीं आंतील लाकडावर उमटवीत. चिठ्ठीवरील अनुक्रमांक शेवटीं पडे. १९३५ पासून घडण-क्रमांकांत वर्षसूचक अक्षर येऊं लागलें; ‘ए’ म्हणजे १९३५. छिद्रांतून आरसा घालून घेतलेल्या छायाचित्रांत हेंच अक्षर स्पष्ट आहे.

तात्पर्य, वाद्य अस्सल, चिठ्ठी परकी. ती बनावट आहे कीं मोडक्या वाद्यांतून काढून येथें चिकटविली आहे, हा प्रश्न वेगळा. आजच्या विक्रेत्यास तिची वार्ता नसेलहि.

मीं विद्यार्थ्यास कळविलें कीं, १९३५ ची म्हणून त्या किंमतीस मिळाल्यास घ्यावी. चिठ्ठी उपटूं नये. तिची नोंद करून ती तेथेंच राहूं द्यावी, कारण वाद्याच्या इतिहासाचा तोहि पुरावा आहे. जुनें रोगण खरडून नवें देऊं नये. तारांखालील सेल्युलॉइडची पट्टी कुजूं लागली असल्यास मात्र ती काढून वेगळी ठेवावी. तिच्या वाफेनें जवळचे धातूचे भाग गंजतात. जुन्या चित्रांतील तांब्याचा हिरवा रंग खालचा कागद खातो, तसाच हा प्रकार.

विक्रेत्यानें किंमत उतरविली नाहीं, सौदा मोडला. विद्यार्थ्याची शिल्लक वांचली, व छायाचित्रें आणि मापें त्यानें मिति घालून जपून ठेविलीं आहेत. तेंच वाद्य पुन्हा १९२४ चें म्हणून बाजारांत आल्यास तीं दाखवितां येतील.