आधी पाया, मग परवानगी

16 मे 2025 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने, प्रकल्प उभा राहिल्यावर मागाहून पर्यावरण मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. दुसऱ्याच दिवशी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले. तो पाडापाडीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा, खटलाही वेगळा. पण दोन बातम्या लागोपाठ वाचल्या आणि वाटलं, चला, कायद्याला दात आहेत तर!

हे समाधान सहा महिने टिकलं. 18 नोव्हेंबरला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी मे महिन्याचा निकाल मागे घेतला. तो निकाल राहिला तर सुमारे 20 हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, असं कारण दिलं गेलं. न्या. भुयान एकटे विरोधात राहिले. चिखलीत मात्र भिंतींची किंमत पाहून कुणाचा हात थांबला नव्हता.

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, टेल्को आली, तेव्हा पर्यावरण मंजुरीचा कायदाच नव्हता. 1994 मध्ये तशी अधिसूचना निघाली, 1997 मध्ये जनसुनावणी सक्तीची झाली, 2004 मध्ये मोठी बांधकामं अधिसूचनेच्या कक्षेत आली. आमच्या भागात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

खरा खेळ झाला तो 2006 नंतरच्या दहा वर्षांत. 14 सप्टेंबर 2006 च्या नव्या अधिसूचनेने मंजुरीचे बरेच अधिकार राज्य पर्यावरण प्राधिकरणाकडे आले. निर्णय जवळ आला म्हणून आम्ही खूश. पण बारीक अक्षरांत काय होतं? 20 हजार चौरस मीटरच्या वरच्या इमारतींना मंजुरी लागेल, जनसुनावणी नाही. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांनाही सुनावणी माफ. वाहनांचे कारखाने तर यादीतच नाहीत. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, वाकड-रावेत-मोशीत टॉवर उठले. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पिंपरी-चिंचवडला गंभीर प्रदूषित पट्ट्यांत घातलं.

आम्हाला हे कळायचं कुठून? पेपरात, हरवले-सापडलेच्या शेजारी, चार ओळींची जाहिरात: अमुक गट नंबरमधील आमच्या गृहप्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली असून प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाहावयास उपलब्ध आहे. ही जाहिरात कायद्यानेच बंधनकारक, पण मंजुरीनंतरची. हरकत घ्यायची वेळ टळून गेलेली.

मंजुरीपत्रात अटी भरपूर. आमच्या सोसायटीतही बिल्डरने सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प (एसटीपी) बांधला: टाकी, पंप, पाटी, सगळं. ताबा दिल्यावर काही महिन्यांत पंप बंद पडला, मेंटेनन्सवरून सभेत भांडणं झाली आणि सांडपाणी थेट नाल्याला लागलं. नाला जातो पवनेला. दारात पिण्याच्या पाण्याचा टँकर, मागे पवनेचा काळा प्रवाह, आणि फाइलमध्ये प्रत्येक अट पूर्ण.

याच दशकात पवना धरणातून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या अधिसूचनेच्या यादीत नाहीत, म्हणजे सुनावणीचा प्रश्नच नाही. मावळच्या शेतकऱ्यांनी आपलं म्हणणं 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मांडलं. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. प्रकल्पाला स्थगिती मिळाली ती त्यानंतर. शहराला पाणी हवं होतं, हे मान्य. पण सुनावणीच्या मंडपात बसून ऐकलं असतं तर रस्त्यावर बंदुका काढाव्या लागल्या असत्या का?

पुढे 2013 मध्ये 100 किलोमीटरपर्यंतचं राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण मंजुरीतून सुटलं. 2020 मध्ये पुण्याचेच प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना अधिसूचनेचा नवा मसुदा आला: जनसुनावणीच्या सूचनेची मुदत 30 दिवसांवरून 20 वर, आणि मसुदा मराठीत नाहीच. भाषांतरं करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मसुदा बारगळला, पण मागाहून मंजुरीची वाट 2021 मध्ये कार्यालयीन आदेशाने रुंद झालीच. प्रत्येक वेळी नाव सुधारणेचं, आणि कमी झाला तो विचारण्याचा टप्पा.

आता नाशिक फाटा ते खेड हा सुमारे 30 किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग येतोय. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये 7,827 कोटी मंजूर केले. मोशी-चाकणच्या कोंडीत रोज सडणाऱ्याला तो हवाच आहे, मलाही हवा आहे. पण 100 किलोमीटरच्या मर्यादेपेक्षा तो लहान, मंजुरीतून सुटलेला, म्हणून खांब कुठे पडणार, पावसाचं पाणी कोणत्या ओढ्यात सोडणार, हे विचारायची कायदेशीर जागा कुणाला नाही. सरकारला खरंच सुधारणा करायची असेल तर सोपी आहे: ती चार ओळींची जाहिरात मंजुरीच्या आधी, मराठीत, हरकतीच्या तारखेसह छापा. त्याला 20 हजार कोटी लागत नाहीत.