बाजाराचें कुंपण

ठाणें खाडीच्या बाजूचें तळवली हें गांव एके काळीं भातशेतीचें होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. त्यांत या पट्ट्यांतील खाचरें गेलीं. पुढें तळवलीच्या दक्षिणेस कांहीं मैलांवर, तुर्भें येथें, मुंबईचा घाऊक शेतमालाचा व्यापार येऊन बसला.

असले बाजार शेतकऱ्याच्या रक्षणासाठीं असतात, असें आपण ऐकतों. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं पहिला नियंत्रित बाजार निघाला, १८९७ सालीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. विलायतेच्या गिरण्यांस चांगला कापूस मिळावा हाही त्यांत हेतु होता, हें विसरूं नये. १९६३ च्या कायद्यानें रुमालाखालच्या भावास व मनमानी कटापीस आळा घातला खरा. परंतु नियमनांतील माल आवारांतच व परवानेदारासच विकावा, असेंही बंधन आलें.

गाळे मोजके, परवाने मोजके. आंत असलेल्यास नवा प्रतिस्पर्धी कशास हवा? कोंकणच्या वाचकांस हें नवें नाहीं. खोत नांगर न धरतां सरकार व कूळ यांच्या मधल्या जागेचें उत्पन्न खात असे. ती खोती १९४९ च्या कायद्यानें गेली. अशा कमाईमागें धांवण्यास अॅन क्रूगर या विदुषीनें १९७४ सालीं ‘रेंट सीकिंग’ हें नांव दिलें. आम्ही त्यास खंडखोरी म्हणूं. माथाडी कामगाराची मजुरी मात्र आम्ही तींत धरीत नाहीं. त्याच्या पाठीवरचें ओझें खरें असतें.

मोजक्यांची एकी लवकर होते, असें मॅन्कर ओल्सन यांनीं १९६५ सालींच दाखविलें होतें. अडतीचा भार हजारों शेतकऱ्यांवर थोडा थोडा पडत असे. त्यासाठीं पेरणी सोडून मुंबईस कोण जाईल? अडत्याचा मात्र सारा संसार तिच्यावर. जुलै २०१६ मध्यें सरकारनें फळें व भाजीपाला नियमनांतून वगळला आणि अडत खरेदीदाराकडून घेण्याचें ठरविलें, तेव्हां व्यापाऱ्यांनीं बाजार बंद ठेवले. नाशिवंत भाजीच्या धन्यास असा संप परवडत नाहीं.

नियमन उठल्यावरही पुष्कळ माल त्याच आवारांत उतरतो. गिऱ्हाईक तेथें आहे, आणि अनेकांनीं अडत्याकडून हंगामाआधींच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दुसऱ्या बाजाराचा भाव ऐकून त्यांस उपयोग नसतो.