घरांत वायफाय घ्यावें काय?

गेल्या महिन्यांत सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, घरांत वायफाय घ्यावें काय?” केवळ निरोप पाहणाऱ्यास मोबाईल पुरे, पण नातू यंदा दहावीस, त्याचे वर्ग संगणकावर भरतात आणि मोबाईलचा दिवसाचा डेटा दुपारींच संपतो.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. घरापर्यंत तें बहुधा तारेनेंच येतें; राउटर नांवाची लहान पेटी तें रेडिओलहरींनीं खोल्याखोल्यांत वांटते. (एके काळीं रेडिओसाठीं पोस्टांत परवान्याचे पैसे भरावे लागत, घरगुती वायफायला परवाना नाहीं.) २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्मी. दुसरी वेगवान खरी, पण भिंतींत लवकर विरते. आणि गुलमंडीकडील आमच्या जुन्या घराच्या भिंती दगडचुन्याच्या, हातभर जाड!

म्हणून पैसे भरण्यापूर्वीं परीक्षा केली. एका मोबाईलचा हॉटस्पॉट माजघरांत सुरू ठेविला, दुसरा मोबाईल घेऊन माडीवर निघालों. हॉटस्पॉटचा जोर राउटरहून कमी, तरी अंदाज येतो. जिन्याच्या वळणावरच संपर्क तुटला, आणि नातू अभ्यासाला बसतो तो माडीवर. तेव्हां तार थेट माडीपर्यंत ओढून घेतली व त्याचा संगणक राउटरला तारेनेंच जोडला. वीज जाते त्या वेळेसाठीं लहान बॅटरी घेतली. पेटीवर छापलेला पासवर्डहि बदलला. माजघरांत मात्र लहर पोहोंचत नाहीं. त्याबद्दल सौभाग्यवतींची तक्रार चालू आहे.